जबाबदार व्यक्ती

मिस्त्री गेल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात वहिनी ऑफिसात येऊन बसल्या. लोक बोलायचं ते बोलले. एक जण म्हणाला, बाईचं काळीज दगडाचं आहे. दुसरा म्हणाला, अहो, घरी बसून तरी ती काय करणार. खुद्द वहिनींना विचारलं असतं, तर त्यांनाही काही सांगता आलं नसतं. सकाळी पाय उचलले ते ऑफिसच्या दारात जाऊन थांबले, एवढंच.

ऑफिस म्हणजे काय, तर दिराच्या घराखालची एक खोली. एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीला ओळीने टांगलेले पत्र्यांचे नमुने. निळा, लाल, राखाडी, आणि गोदामात उजेड यावा म्हणून छपरात मध्येमध्ये बसवतात तो दुधी, प्लास्टिकचा. ज्याला जो हवा त्याने त्यावर बोट ठेवायचं. दुधी नमुना दिराने काढून माळ्यावर टाकला होता. नुसता खिळा राहिला होता, आणि वहिनी त्याला पिशवी अडकवायला लागल्या होत्या.

फोन वाजला की त्या उचलायच्या. काही फोन कामाचे, काही सांत्वनाचे, आणि दोन्हींना त्यांचा आवाज एकच लागायचा. एकदा मिस्त्रींची लांबची मावशी हुंदके देत म्हणाली, "असं कसं गं झालं?" वहिनींनी पेन उचललं आणि विचारलं, "किती चौरस फुटांचं आहे?" मावशीने फोन ठेवून दिला. आता आपल्याला हसू येईल असं वहिनींना वाटलं, रडू येईल असंही वाटलं. दोन्हींची थोडा वेळ वाट पाहून त्यांनी पुढचा फोन घेतला.

आता छपराच्या धंद्यात या वहिनींचं काय काम, ते आधी सांगून टाकलेलं बरं.

धंदा दोघा भावांचा. थोरले ते मिस्त्री, वहिनींचे यजमान. निम्म्या धंद्याचे मालक, पण त्यांना शेठ कुणी म्हणालं नाही, आणि म्हटलेलं त्यांना खपलंही नसतं. दुसरे त्यांचे भाऊ, सगळ्यांचे धाकटे. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे, हे काम त्यांचं. छतावर मात्र दोघेही चढायचे. आणि राज्याचा नियम असा, की छपराची कामं घ्यायची तर परवाना लागतो, आणि परवाना हवा तर धंद्यातल्या एका तरी माणसाने परवाना देणाऱ्या मंडळाची परीक्षा पास झालेलं असावं लागतं. कायदा, हिशेब, सुरक्षा, सगळं असतं तिच्यात. पास झालेल्या माणसाला कागदावर 'जबाबदार व्यक्ती' म्हणतात. कामावर काही बरंवाईट झालं, तर मंडळ येऊन त्याची गचांडी धरतं.

मिस्त्री त्या परीक्षेला दोनदा बसले आणि दोनदा नापास झाले. त्यांचं म्हणणं, एका प्रश्नाला चार उत्तरं देतात आणि वर एकावरच खूण करा म्हणतात, हा कुठला न्याय. "चारही बरोबर आहेत. छप्पर कसलं आहे त्यावर असतं सगळं," असं म्हणून ते चारही चौकोनांत खूण करून यायचे. धाकट्यांनी पुस्तकाची जाडी बघूनच हात वर केले. राहिल्या वहिनी. मिस्त्रींना पुस्तक वाचून दाखवता दाखवता त्यांचंच सगळं पाठ झालं होतं. त्या गेल्या, बसल्या आणि पहिल्या फटक्यात पास होऊन आल्या. परवान्यावर त्यांचा फोटो लागला, आणि त्याला चौकट करून मिस्त्रींनी तो ऑफिसात टांगला. येईल त्याला दाखवायचे. "छतावर मी चढतो, पण चढतो हिच्या नावावर," म्हणायचे.

वहिनी उभ्या जन्मात कधी छतावर गेल्या नव्हत्या. शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या की त्यांचे पाय लटलट कापायचे. पण पुस्तकात लिहिलं होतं, की कामगारांनी पट्टा आणि दोर बांधल्याची खात्री जबाबदार व्यक्तीने रोज करून घ्यावी, आणि वहिनी पडल्या नियमाच्या बाई. रोज कामावर जायचं, तर घर, मुलगी, ऑफिस कुणी बघायचं? शेवटी असं ठरलं, की मिस्त्रींनी रोज सकाळी कामावरून फोन करायचा.

"बांधला का?" वहिनी विचारायच्या.

"बांधला," मिस्त्री म्हणायचे.

झाली खात्री. सुरुवातीला कामावरच्या माणसांनी भरपूर दात काढले. धाकटे मागून ओरडायचे, "दादा, वहिनींना विचार, मी शिंकू का?" पुढे हसणं आपोआप बंद झालं आणि फोन तेवढा राहिला. बांधला का, बांधला, आणि मग येताना दूध आणा, मुलीच्या शाळेत सही द्यायला जायचंय, दातांच्या डॉक्टरने वेळ बदललीय. घरात भांडण झालेलं असलं तरी फोन चुकायचा नाही. त्या दिवशी मग बांधला का, बांधला, आणि बस. मिस्त्री गेले त्या सकाळीही तो आला होता.

एका गोदामाचं जुनं छप्पर उतरवायचं काम होतं. इतकी धूळ बसलेली, की दुधी पत्रा कुठला आणि लोखंडी कुठला हे डोळ्यांना कळत नव्हतं. मिस्त्रींचा पाय दुधी पत्र्यावर पडला. खाली सिमेंटची जमीन होती. पट्टा कमरेला होता, पण दोर शिडीपाशी गुंडाळलेलाच राहिला होता.

आणि हे झालं ते नेमकं नको त्या वेळी. तशी त्याला हवी ती वेळ कुठली असते म्हणा. सरकारी शाळांची छपरं बदलायची निघाली होती. सरकारी कामात निविदा भरण्याआधीच तुमची लायकी तपासतात. पूर्वपात्रता म्हणतात तिला. तिच्या यादीत नाव लागलं तर पुढचं बोलणं. धाकट्यांनी त्या यादीसाठी दोन वर्षं जोडे फाडले होते, अर्ज आत गेला होता, आणि आता मंडळाचं पत्र आलं. कामावर मृत्यू झाला आहे, सबब जबाबदार व्यक्तीने सुनावणीला हजर राहून खुलासा करावा. खुलासा पटला तर यादीत नाव. नाही पटला तर यादी राहिली बाजूला, हातातला परवानाही जायचा. परवाना गेला की चालू कामं त्याच दिवशी बंद आणि माणसं घरी. त्या सगळ्यांच्या चुली याच छपरांवर चालत होत्या, आणि वहिनींचीही.

धाकट्यांनी फाइलकाकांना बोलावून घेतलं. ठेकेदारांना परवाने काढून देणं, त्यांचं नूतनीकरण करणं, हा या काकांचा उद्योग. माणूस वाईट नव्हता. चहा घेता घेता मिस्त्रींची आठवण निघाली तेव्हा त्यांनी अगदी खरेखुरे डोळे पुसले. मग पेनाचं टोपण काढून ते कामाला लागले.

"वहिनी, सुरक्षेच्या सूचना तुम्ही देत होता, असा काही पुरावा?"

"सूचना कसल्या. फोन यायचा रोज."

"कसला फोन?"

वहिनींनी सांगितलं. फाइलकाकांनी पेन खाली ठेवलं.

"रोज? न चुकता?"

"रोज."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशीही. मी विचारलं, बांधला का. ते म्हणाले, बांधला."

फाइलकाकांनी धाकट्यांकडे बघून मांडीवर थाप मारली. "अहो, मग काळजी कसली करताय? फोनची नोंद कंपनी देते. जबाबदार व्यक्तीने रोज विचारलं, त्या दिवशीही विचारलं. कामगाराने खोटं सांगितलं. चूक त्याची. परवान्याला धक्का नाही."

"कामगाराने," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे मिस्त्रींनी हो. कागदावर आपलं कामगार म्हणायचं."

धाकटे इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मान न वळवताच म्हटलं, "दादा गेला, वहिनी. त्याच्याविषयी काय लिहिलं याने आता त्याला फरक पडत नाही. आपल्याला पडतो. आणि यात खोटं तर काहीच नाहीये ना?"

खोटं काहीच नव्हतं. सगळी गोम तिथेच होती. वहिनींनी विचारलं होतं, मिस्त्री म्हणाले होते. वहिनींनी ते वाक्य मनात उलटंपालटं करून पाहिलं. कुठेतरी कळ यायला हवी होती. दाताला सुई दिल्यावर डॉक्टर टोचून विचारतात ना, दुखतंय का म्हणून, तसं त्यांनी स्वतःला टोचून पाहिलं. काही नाही. त्यांनी खुलाशावर सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली, याचं त्यांना जरा नवल वाटलं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मुलीने विचारलं, "आई, आज ते काय ठरवणार आहेत?"

"परवाना राहणार की जाणार."

"आणि बाबांचं?"

"बाबांचं काय ठरवायचं राहिलंय आता? खाऊन घे."

मुलीने खाल्लं नाही. ताटली सरकवून ती दप्तर भरायला उठली, आणि वहिनींनी ती ताटली तशीच उचलून धुवायला टाकली.

मंडळाच्या कचेरीत बाहेरच्या बाकावर आणखी ठेकेदार बसले होते. एक रंगवाला, एक नळवाला, कुणाचा कागद कमी, कुणाची मुदत टळलेली. रंगवाला फार बोलका होता. त्याने वहिनींना विचारलं, "ताई, तुमचं कशात अडकलंय?" वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे एक जण वारला." रंगवाल्याने बोलता बोलता जीभ चावली आणि तो पाणी प्यायला निघून गेला.

आत तिघे होते. मध्ये अध्यक्ष, ज्यांना दुसरीकडे कुठेतरी पोहोचायचं होतं, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. एका बाजूला टक्कल पडलेले सदस्य, आलेल्या कागदावर सही करायची आणि पुढे ढकलायचा, एवढंच करत होते. दुसऱ्या बाजूला एक इंजिनियर बाई, सर्दीने बेजार, हातात रुमाल. धाकटे आणि फाइलकाका मागच्या खुर्च्यांवर बसले. आत येताना काकांनी वहिनींना बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोला, शेपूट लावू नका.

अध्यक्षांनी खुलासा मोठ्याने वाचला. "'मृत कामगाराने जबाबदार व्यक्तीस खोटी माहिती दिली व स्वतःच्या निष्काळजीपणामुळे सदर अपघात ओढवून घेतला.' हे तुमचंच म्हणणं ना?"

"हो, साहेब."

"फोनच्या नोंदी जोडल्या आहेत. रोजच्या आहेत की." त्यांनी पानं चाळली. "पद्धत चांगली आहे. बाकीच्या ठेकेदारांनीही ठेवायला हवी."

मागे धाकट्यांचा जीव भांड्यात पडला. खुर्ची करकरली त्यावरून वहिनींना कळलं. अध्यक्षांनी कागद टक्कलवाल्या सदस्यांकडे सरकवला आणि त्यांनी पेन उचललंही.

इंजिनियर बाई नाक पुसत म्हणाल्या, "एक मिनिट. नोंदीपुरतं विचारते. फोन आला तेव्हा ते छतावर कुठल्या बाजूला होते?"

"छतावर नव्हते," वहिनी म्हणाल्या. "खाली होते."

"खाली?"

"चढायच्या आधीच करायचे फोन. वर गेल्यावर हात मोकळे नसतात."

"पण दोर तर वर बांधतात. छपराच्या माथ्यावर कडी असते, तिला."

"हो."

"मग खाली उभ्या असलेल्या माणसाने दोर बांधला म्हणून कसं सांगितलं?"

फाइलकाका खोकले. ते कशासाठी खोकले हे वहिनींना नीट कळलं. खालून दोर बांधता येत नाही हे माझ्या आजवर लक्षातच आलं नव्हतं, एवढं एक वाक्य बोललं असतं तरी भागलं असतं. टक्कलवाल्या सदस्यांनी पेन अजून खाली ठेवलेलं नव्हतं.

"ते रोजच तसं सांगायचे," वहिनी म्हणाल्या. "मागे चहाच्या ग्लासात चमचा वाजायचा. कधी शिडी ओढल्याचा आवाज यायचा. अजून काही बांधलेलं नाही, हे मला माहीत असायचं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "माहीत असायचं? मग तुम्ही रोज विचारत कशाला होता?"

हा प्रश्न वहिनींना आजवर कुणी केला नव्हता. हसणाऱ्यांनी केला नव्हता, फाइलकाकांनी केला नव्हता, त्यांनी स्वतःलाही केला नव्हता.

"तो बांधला म्हणाला की मला कळायचं, तो पोहोचलाय, बरा आहे आणि अजून जमिनीवर आहे. तेवढ्यासाठीच विचारायचे."

चारचौघांत नवऱ्याला अरेतुरे करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

"त्यांनी मला फसवलं नाही, साहेब," त्या पुढे म्हणाल्या. "आमचं ते रोजचं बोलणं होतं. कुणी कुणाला जेवलास का विचारावं, तसं. खात्री करायचं काम माझं होतं, आणि मी ती कधीच केली नाही. मी एकाही छतावर गेलेली नाही. निष्काळजीपणाचं ते वाक्य काढून टाका."

"ताई," इंजिनियर बाई हळू आवाजात म्हणाल्या, "याचा अर्थ काय होतो, तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. ती परीक्षा मीच पास झाले आहे."

टक्कलवाल्या सदस्यांनी पेन खाली ठेवलं.

आदेश दुपारी मिळेल म्हणाले. तिघे बाहेरच्या बाकावर बसून राहिले. फाइलकाका धाकट्यांना म्हणाले, "मी बजावलं होतं, शेपूट लावू नका म्हणून." काकांनी फाइल काखेत मारली, वहिनींकडे पाहिलं आणि मान हलवून निघून गेले.

जेवणाच्या सुट्टीनंतर शिपायाने कागद आणून दिला. परवाना सहा महिन्यांसाठी स्थगित. पूर्वपात्रतेचा अर्ज नामंजूर. कारण, जबाबदार व्यक्तीकडून देखरेखीत गंभीर कसूर. आणि खाली, वेगळ्या ओळीत: मृत कामगाराकडे दोष जात नाही.

वहिनींनी ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. वरच्या ओळीत त्यांचं पूर्ण नाव होतं, त्याच्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. त्यांना बरं वाटलं. मिस्त्री गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना काहीतरी वाटलं होतं, आणि ते बरं वाटणं होतं. माणसांच्या पोटावर पाय आला होता, पुढचा महिना कसा काढायचा हे माहीत नव्हतं, तरी बरं वाटलं. मुलीला हा कागद दाखवता येणार होता.

धाकटे जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले होते. वहिनींनी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला आणि घडी घातली.

"बुडवलंत, वहिनी," ते म्हणाले. आवाजात रागसुद्धा नव्हता.

"हो."

"उद्या सकाळी माणसं येतील. काय सांगू त्यांना?"

"मी येते. मी सांगेन."

वहिनीही पायरीवर टेकल्या. लोक वरखाली करत होते, त्यांना वाट द्यायला दोघांनाही पाय आखडून घ्यावे लागत होते. मग धाकटे बोलायला लागले.

"दादाच्या मागेच होतो मी. हात लांब केला असता तर लागला असता. माझाही दोर खालीच होता, वहिनी. कुणाचाच वर आला नव्हता. दोर बांधला की चार पावलांवर हूक बदलत बसावं लागतं, काम उरकत नाही, म्हणून आम्ही कुणी बांधायचोच नाही. तो पुढे होता म्हणून तो." त्यांनी कागदाची आणखी एक घडी घातली. "फाइलकाका म्हणाले ना, चूक त्याची, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

वहिनींनी दिराकडे पाहिलं. किती दिवसांत नीट पाहिलंच नव्हतं. दाढी वाढली होती. भाऊ गेला त्या गोदामाचं राहिलेलं छप्पर याच माणसाने नंतर पुरं केलं होतं, आणि सकाळी तो वर चढताना त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"सहा महिने तुम्ही खाली राहाल, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

आणि मग त्यांना रडू फुटलं. पदर तोंडात कोंबूनही आवाज थांबेना. जिना चढणारा रंगवाला मध्येच थबकला, काय करावं ते न कळून भिंतीला चिकटून उभा राहिला. धाकटे तसेच शेजारी बसून होते. थोड्या वेळाने ते उठले आणि पाणी कुठे मिळतं ते शिपायाला विचारायला गेले.